याडीचं दुसरं कुत्रं

दवाखान्यातल्या औषधाच्या बाटल्या महिनाअखेरीस रिकाम्या व्हायच्या, किस्से मात्र अजून शिल्लक आहेत. साठ-एकसष्ट साली मी आर्णीला गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. पाटी गुरांची, पण कुत्रं आजारी पडलं तर लोक दुसरीकडे जाणार कुठे! बैलाचा मालक निदान ओट्यावर शांत बसायचा. कुत्र्याचा मालक फाटकापासूनच ओरडत यायचा.

एकदा पोस्टमास्तर आपल्या मोतीला खांद्यावर टाकून धावत आले. नाक कोरडं आणि गरम लागलं म्हणून घाबरले होते. डॉक्टरांनी शेपटी उचलून थर्मामीटर लावला. एकशे दोन! मास्तर मटकन खालीच बसले.

"अहो, कुत्र्याचं एवढं नॉर्मलच असतं," डॉक्टर म्हणाले. "झोपला कुठे होता हा?"

"चुलीपाशी."

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. जाता जाता म्हणाले, "साहेब, आता माह्यंबी पाहून द्या. छाती धडधडून राह्यली."

डॉक्टरांनी हातातला थर्मामीटर वर धरला. "यानंच पाहू?"

मास्तर मोतीच्या आधी फाटकाबाहेर!

भाऊराव किराणावाल्यांनी तर स्वतःच्या तापाच्या दोन गोळ्या पेढ्यात घालून कुत्र्याला चारल्या होत्या. कुत्रं रक्त ओकत आलं. तीन दिवस आमचा कोणाचा जीव थाऱ्यावर नव्हता. ते वाचलं, तेव्हा कधी आवाज न चढवणारे डॉक्टर कडाडले, "माणसाचं औषध कुत्र्याला? तुम्ही बैलाचं औषध घेता का?"

भाऊरावांनी मान खाली घातली. "एकदा घेतलं होतं साहेब. खोकल्याचं."

आणि तांड्यावरची म्हातारी. सगळे तिला याडी म्हणत, म्हणजे आई. ती आजारी कुत्र्यासोबत एक धडधाकट कुत्रंही घेऊन यायची. मी विचारलं, "दोन काहून आणले?"

"एकाच्याच कानाले हात लावून काय समजन, बाबू? बाजूले चांगलं पाह्यजे ना!"

एक हात या कानावर, एक त्या कानावर. मग ती ताप आहे की नाही ते सांगायची, आणि थर्मामीटर दर वेळी तिच्याच बाजूनं बोलायचा. डॉक्टर हसून तापलेल्या कुत्र्याच्या पोटावर ओलं फडकं ठेवायला सांगायचे.

पुढे तो थर्मामीटर माझ्याच हातून फुटला. झटकताना टेबलाच्या कडेला लागला. यवतमाळला मागणी धाडली, आणि त्याच आठवड्यात माझी राणी तापली. मी एकटा राहायचो, घरात माझी वाट पाहणारी तेवढी ती कुत्रीच. डॉक्टर लसी टोचायला बोरी अरबकडे गेलेले. राणी थरथरत होती, भाकरीकडे बघत नव्हती. दोन दिवस मी तिच्या पोटावर, पंजांवर ओलं फडकं फिरवत बसलो. चमच्यानं पाणी पाजलं. स्वतः जेवलो की नाही, आठवत नाही.

तिसऱ्या सकाळी तिच्या कानाला हात लावला. कान गार! पोट गार, पंजे गार. मरायला टेकलेलं जनावर असंच गार पडतं, हे मी कितीदा पाहिलं होतं. शेजाऱ्याला सायकलवर तांड्याकडे पिटाळलं.

उन्हं वर आली तेव्हा याडी आली. सोबत तिचं धडधाकट कुत्रं होतंच. मी झडप घालून त्याचा कान धरला. तोही गार!

"याडी, तुह्यं कुत्रंबी गेलं!" मी रडकुंडीला आलो.

याडीनं दोन्ही कुत्र्यांचे कान चाचपले. मग माझं मनगट धरलं. राणीच्या पोटावरचं फडकं उचललं, बादलीत बुडवून पिळलं आणि माझ्या कपाळावर ठेवलं.

"पड बाबू," ती म्हणाली. "राणीले भाकर चारतो मी."