अनुमोदन
डांबराच्या गोळ्यांचा वास आला की मला मुलुंडच्या आमच्या चाळीतला पन्नासच्या दशकातला एक गणेशोत्सव आठवतो. त्या वर्षी मंडळ मैदानात पडदा लावून सिनेमा दाखवणार होतं, आणि जन्मात एकही सिनेमा न पाहिलेल्या माझ्या आईने त्यासाठी ट्रंकेतलं ठेवणीतलं लुगडं काढून वाऱ्यावर टाकलं होतं. आदल्या संध्याकाळी सभा भरली. अध्यक्ष होते एक निवृत्त हेडमास्तर. सिनेमा किती अश्लील आहे यावर ते अर्धा तास बोलले आणि आपण तो पाहिलेला नाही, हेही त्यांनी अभिमानाने सांगितलं. कार्यक्रम रद्द करण्याच्या ठरावाला अनुमोदन कोण देतो, असं त्यांनी विचारल्यावर मी उठून म्हणालो, "मीही तो पाहिलेला नाही, तेव्हा टीका करायला मीही तितकाच लायक. माझं अनुमोदन!" कुणीच हसलं नाही. चिटणिसांनी वहीत माझं नाव लिहून घेतलं. "अहो, विनोद होता तो," मी घाईघाईने म्हणालो, "न पाहता नावं ठेवणाऱ्यांवर." "म्हणजे माझ्यावर?" हेडमास्तर म्हणाले. "बरं, तू नाही ना पाहिलास? मग तो चांगला आहे हे कशावरून?" मी खाली बसलो, आणि माझ्याच अनुमोदनाने ठराव मंजूर झाला. घरी येऊन आईला सगळं सांगितलं. शेगडीवरची नजर न काढता ती म्हणाली, "जाऊ दे रे, वाईटच असेल मेला." पुढे मी पुष्कळ सिनेमे पाहिले. आईला एकदा तरी न्यायचं, ते मात्र आज-उद्या करत राहूनच गेलं.