साच्यातलं घर

आधीच सांगून ठेवतो, मला मोबाइलचा राग आहे. जन्मभर लांज्याच्या एसटीत कंडक्टरकी केली, माणसांच्या तोंडाकडे बघून तिकीट फाडलं. आता बोलताना मान वर करणारा माणूस सापडत नाही. एवढं असून आमच्या वाडीतल्या मनस्वीच्या मोबाइलला मी नावं ठेवत नाही, आणि दुसऱ्या कोणी ठेवलीच तर त्याची हजेरी घेतो. का, ते ऐका.

मनस्वी म्हणजे निलेशची बायको. माहेर गुहागरचं, नारळी-पोफळीच्या सावलीत वाढलेली पोर. लग्न होऊन आमच्या कातळावर आली तेव्हा बायका म्हणाल्या, ही काय टिकतेय! निलेश नोकरीला मुंबईत, घरात फक्त सासू. पण ही टिकली. लांज्याला काजूच्या कारखान्यात पाकिटं भरायला लागली. तिथं रोज एकच तक्ता लिहावा लागायचा, तारीख आणि काजूची प्रत तेवढी वेगळी. रोज तेच तेच लिहून बाई कंटाळली आणि तिनं मोबाइलवर त्या पानाचा साचा करून ठेवला. नवीन पान उघडलं की रेघा, मथळा, सगळं आयतं हजर. बदलेल तेवढंच भरायचं.

आमच्या सावित्रीला, म्हणजे माझ्या बायकोला, हे समजावताना ती म्हणाली, "आजी, मोदकाचा साचा असतो ना, तसाच. साचा तोच, सारण बदलायचं."

झालं! सावित्रीनं नाक मुरडलं. "साच्यातले मोदक खातंय कोण? हाताच्या कळ्या पडल्या पायजेत."

"मोदक हातानंच करा, आजी. तक्ते मी साच्यात करते."

सावित्रीला उलट उत्तर देऊन वर तिलाच हसवणारी वाडीत ती एकटीच.

हळूहळू सगळी वाडी तिच्या दारात. बचत गटाच्या सभेचा अहवाल, ग्रामपंचायतीला द्यायचा पाण्याचा अर्ज, आंब्याच्या पेटीवरची चिठ्ठी, ज्याला जे हवं त्याचा साचा ती करून द्यायची. कारखान्यातून दमून आलेली असायची, तरी पदराला हात पुसत म्हणायची, "बोला, काय लिवायचं?" कंटाळा हा शब्द तिच्या घराण्यात नसावा. आमच्या घराण्यात भरपूर आहे, म्हणून मला लगेच कळतं.

आणि मग शिमग्याच्या पालखीचं पान तिच्याकडे आलं.

वर्षभर आपण देवळात जातो, शिमग्यात देवी पालखीत बसून आपल्या घरी येते. मुंबईचा चाकरमानी एकवेळ दिवाळी चुकवेल, पण घरी पालखी यायच्या दिवशी तो दारात उभा असणार म्हणजे असणार. कुठल्या दिवशी कुठलं घर, हा क्रम मी वर्षानुवर्षं कागदावर लिहायचो. माझं अक्षर असं की देवीलाच वाचता यावं. म्हणून वाडीच्या मंडळाचा अध्यक्ष संदेश म्हणाला, "आबा, आता मनस्वीवैनीला करू द्या." करू दे म्हटलं. सुटलो.

तिनं केलेलं पान मी चष्मा लावून दोनदा बघितलं. वर देवीचा फोटो, खाली दिवस, घरं, वेळा, सगळं लख्ख. मुंबईतल्या पोरांनी ते बघूनच गाड्यांची तिकिटं काढली. तेच पान तिनं पुढच्या सालासाठी साचा म्हणून ठेवून दिलं.

चूक झाली ती तिथं.

आमच्याकडे रीत अशी की घरातलं माणूस गेलं तर वर्षभर त्या घरी पालखी जात नाही. त्या साली शिमग्याच्या तोंडावर धाकू गेला होता. माझ्या बरोबरीचा, सोनूबाईचा नवरा. म्हणून त्याचं घर पानावर नव्हतं, आणि ते बरोबरच होतं. पण पान साचा झालं आणि घर नसणंही साच्यात बसलं. दुसऱ्या साली मनस्वीनं साचा उघडला, तारखा बदलल्या, वेळा जुळवल्या, दोन-दोनदा तपासलं. पण जे लिहिलेलं आहे ते तपासता येतं हो, जे नाहीच ते कोण तपासणार? मी तरी कुठे बघितलं!

रिवाजाप्रमाणे देवळात सगळ्यांसमोर क्रम वाचला गेला. गुरवानं गाऱ्हाणं घातलं, नारळ फोडला. एकदा नारळ फुटला की क्रमात नवं घर घुसवता येत नाही, हा आमच्या गावचा कायदा. सोनूबाई बायकांत पुढेच बसलेली. शेजारच्या घराचं नाव आलं तशी ती सरसावून बसली. आणि एकदम तिचं घर सोडून पलीकडचं आलं! कुणाला काही न बोलता बाई उठली आणि घरी निघून गेली.

हे मला सावित्रीनं सांगितलं. ती तिच्यामागून गेली होती. सोनूबाई चुलीपाशी बसलेली. मुलगा दीपक मुंबईहून येणार होता. धाकू गेल्यानंतर त्याला मुलगी झाली होती, सानवी. त्या नातीला देवीच्या आशीर्वादासाठी पालखीखालून काढायची, एवढं एकच ती म्हातारी तेव्हापासून बोलत होती. सावित्रीला म्हणाली, "घरधनी गेला तसं आमचं घर पण गेलं काय गो वाडीतनं?"

माझं डोकंच फिरलं. काठी घेतली आणि तडक मनस्वीच्या दारात. "काय गो! देवीच्या पानावरनं जितंजागतं घर गाळलंस? ह्याला म्हणतात तुमचा मोबाइल?"

तिनं पान उघडलं, वरपासून खालपर्यंत बघितलं आणि मटकन पायरीवर बसली. पण एक सांगतो, मोबाइलवर ढकललं नाही, संदेशवर नाही, माझ्यावरही नाही. म्हणाली, "आबा, चूक माझी हाय. गेल्या सालचं पान मी साचा म्हणून ठेवलं. त्यात हे घर नव्हतं." आणि लगेच चपला घालून सोनूबाईकडे जायला निघाली.

तेवढ्यात संदेश आला. तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "वैनी, आता नारळ फुटला. पुढल्या वर्षी घालू की पहिल्या दिवशी." पुढल्या वर्षी! म्हातारीच्या पुढल्या वर्षाची हमी काय ह्याच्या खिशात होती? मी तसं त्याच्या तोंडावर बोललो. तो म्हणाला, "मग काय करू, आबा? कायदा तुम्हीच शिकवलात." तेही खरंच होतं.

मनस्वीनं विचारलं, "नवं घर घालता येत नाय. पण आपला मान दुसऱ्याला देता येतो ना?"

येतो. जुनी रीत आहे, पण देतो कोण? माझ्या आठवणीत कुणी दिलेला नाही. वर्षातून एकदा देव दारात येतो, त्याला तूच दुसरीकडे जा म्हणायचं?

"मग आमच्या घरचा दिवस सोनूआजीला द्या," मनस्वी म्हणाली.

आतून सासू उसळून बाहेर आली. "अगो, शुद्धीवर हायस काय? निलेश रजा टाकून येतोय. घरचा देव परक्याच्या दारात धाडतेस?"

मनस्वीचे डोळे भरले होते, पण आवाज हलला नाही. "आई, आपल्याकडे देवी पुढल्या साली येणारच हाय. त्यांच्याकडे गेल्या साली नाय आली, यंदापण नाय. मग ती म्हातारी काय समजेल, सांगा? चूक मी केली, ती तिनं का फेडायची?"

सासू धुसफुसत आत गेली. भांडी अशी आपटली की खालच्या वाडीला ऐकू गेलं असेल. मनस्वी तशीच सोनूबाईकडे गेली, पायांवर डोकं ठेवलं आणि झालं ते सगळं सांगितलं. मी दारातच उभा होतो. सोनूबाईनं तिला उठवलं आणि म्हणाली, "बाय माजी, मला वाटलं मुद्दाम काढलंत." मग दोघी रडल्या. मी काठीकडे बघत राहिलो.

पालखीच्या दिवशी सोनूबाईचं खळं, म्हणजे दारापुढचं अंगण, शेणानं सारवून आरशासारखं केलेलं. ढोल वाजले, पोरांनी पालखी खांद्यावर नाचवत आणली. दीपकनं सानवीला पालखीखालून काढली, ती पोर ढोलाला न घाबरता खदखदून हसत होती. सुनेनं ओटी भरली. आणि गर्दीतून कोण पुढे यावं? मनस्वीची सासू! डोक्यावर पदर, हातात स्वतःच्या घरचं ओटीचं ताट. चेहरा अजून फुगलेलाच, पण आली.

सोनूबाईनं गुरवाच्या कानात काहीतरी सांगितलं. गुरवानं गाऱ्हाणं घातलं, "बा देवी, ह्या लेकरानं आपल्या घरचा मान दुसऱ्याच्या घराला दिलान. तिच्या घरात काय उणं पडू देऊ नको!" आणि सगळी वाडी एका आवाजात ओरडली, "व्हय महाराजा!" त्यात सगळ्यात मोठा आवाज संदेशचा. मनस्वी तोंडावर पदर घेऊन उभी.

शिमगा उरकल्यावर ती मोबाइल घेऊन आमच्या पडवीत येऊन बसली. "आबा, साचा नव्यानं करूया. वरच्या टोकापासनं वहाळापर्यंत सगळी घरं सांगा."

मी सांगत गेलो. मधेच म्हटलं, "हे सोड, कुलूप आहे."

"कुलूप हाय, पण घर हाय ना? मग राहू दे. आबा, आता साच्यातनं एकपण घर काढायचं नाय. यंदा पालखी जाणार नसेल तर ते फक्त त्या सालच्या पानावर, घराच्या खाली लिवायचं. साचा वेगळा ठेवायचा, त्याला कुणी हात लावायचा नाय."

"आणि नावं कुणाची घालतेस?" सावित्री चहा देता देता मधे पडली. "आमच्या घराला एकट्या ह्यांचंच? घर काय हे एसटीतनं घेऊन आले?"

मनस्वी हसली. "दोघांचं घालते, आजी. सगळ्याच घरांना दोघांचं घालते." आणि तिनं घातलंही. तेव्हापासून आमच्या गावात पालखी नवरा-बायको दोघांच्या नावानं येते. आजूबाजूच्या वाड्यांनी तो साचा तिच्याकडून मागून नेला. तिनंही हातचं न राखता देऊन टाकला, आणि वर बजावलं, "पहिली सगळी घरं भरा, बंद असलेली पण. मगच तारखा."

सावित्री मात्र शेवटपर्यंत म्हणायची, "साचा आमच्या मोदकाला नाय चालायचा."

गेल्या मार्गशीर्षात सावित्री गेली. सकाळी चहा केलान, तुळशीला पाणी घातलान, आणि पडवीत टेकली ती टेकलीच.

यंदा शिमगा जवळ आला तसा मी देवळाकडे फिरकेनासा झालो. रीत माझीच, जन्मभर मीच ओरडून सांगितलेली. आता आपल्या घराखाली 'यंदा नाही' लिहिलेलं, सावित्रीचं नाव काढलेलं पान आपणच बघायचं? संदेशनं वाडीच्या ग्रुपवर पान टाकलं. मी मोबाइल उशीखाली ढकलून दिला. पण चैन पडेना. घरात आवाज करणारं कुणी उरलं नव्हतं, त्या उशीखालच्या डबड्याकडेच सारखं लक्ष. शेवटी चष्मा लावला आणि उघडलं.

आमचं घर जागच्या जागी होतं. "भागोजी आणि सावित्री यांचे घर." आणि खाली लिहिलं होतं, "यंदा पालखी नाही. पुढच्या शिमग्याला देवी येणार आहे."

मी ते कितीदा वाचलं कुणास ठाऊक. मग मनस्वीला फोन लावला. रडतोय हे कळू नये म्हणून जरा दरडावूनच विचारलं, "काय गो, तिचं नाव काढायचं विसरलीस?"

"नाय, आबा," ती म्हणाली. "विसरले नाय."