ग्वाक आजींच्या दारात आलेली कढई

घरं भाड्याने मिळवून देणाऱ्या तक ग्योंगजा मावशीचा फोन आला तेव्हा इल्खोम गेटच्या चौकटीला वेल्डिंग करत होता.

"हातातलं टाक आणि नीघ," मावशी म्हणाली. "घर द्यायला ग्वाक आजी हो म्हणाल्या! दुसरा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघर वेगळं. पण आजच शिरायचं. सूर्य बुडायच्या आत."

"आजच? झमीरा तर गुरुवारी येतेय."

"म्हणूनच आज. आजचा दिवस चांगला. उद्यापासून माणसांना छळणारी भुताखेतांची बाधा पुन्हा आठही दिशांना फिरायला लागते, आणि पुढचा चांगला दिवस येईपर्यंत आजी कुणाला उंबरठा ओलांडू देणार नाहीत. मागचा भाडेकरू भलत्या दिवशी शिरला, तर हिवाळ्यात नळ फुटला आणि वसंतात बायको निघून गेली. दोन्हीचा दोष आजी त्या दिवसालाच देतात."

इल्खोमने मुखवटा काढला. मुकादमाने सगळं ऐकलं होतं. "जा की," तो ओरडला. "बायको-पोरीला काय लेथ मशीनवर झोपवणार आहेस?"

मायदेशातलं कोकंद सोडून कामासाठी परदेशातल्या गिम्हे शहरात येऊन इल्खोमला नऊ वर्षं झाली होती. मधे सुटीवर तेवढा तो घरी जाऊन यायचा. कुटुंब आणायची परवानगी त्याला यंदा मिळाली. पहिलं घर कारखान्यामागचा कंटेनर. उन्हाळ्यात तो तंदूर व्हायचा आणि जानेवारीत आतल्या भिंतीवर बर्फाचा पापुद्रा धरायचा. मग कारखान्याची खोली, चौघांत एक. पाळी बदलली की गादीवरचा माणूस बदले, गादी गार होत नसे. तो कारखाना बंद पडला तेव्हा परीक्षेच्या उमेदवारांसाठी बांधलेल्या गोशीवॉनमध्ये तो काही महिने राहिला. तिथे हात पसरले की दोन्ही भिंती लागत. खिडकी हवी तर भाडं जास्त, म्हणून त्याने खिडकी घेतली नाही. भात आणि किमची मात्र फुकट, आणि तो भात त्याने मनापासून खाल्ला. पुढे अर्धं तळघर, जिथून रस्त्यावरच्या लोकांचे फक्त बूट दिसत. हल्ली तो दोन गाववाल्यांबरोबर एका इमारतीच्या गच्चीवरच्या खोलीत राहत होता. वारा भरपूर, आभाळ भरपूर, पण तिघा पुरुषांत बायको आणि सहा वर्षांची सेवारा कुठे ठेवणार?

मावशीचं भाड्याच्या घरांचं दुकान बाजाराच्या तोंडाशी होतं. चार महिने ती त्याच्यासाठी फोन करत होती. "परदेशी म्हटलं की मालकांना एकदम भाचा आठवतो," ती म्हणायची. "घर त्यालाच दिलंय म्हणे. या गावात इतके भाचे आहेत हे मला माहीतच नव्हतं."

ग्वाक आजींची इमारत म्हणजे नावाला व्हिला, प्रत्यक्षात लिफ्ट नसलेले चार मजले. वरच्या मजल्यावर आजी स्वतः. इल्खोम धापा टाकत पोचला तेव्हा त्या जिन्यात कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"हाच का तो?"

"हाच, आजी," मावशी म्हणाली. "दारू नाही, आरडाओरडा नाही."

"ते नंतर बघू. भाताचं भांडं कुठाय?"

इल्खोमने मावशीकडे पाहिलं. इथे नव्या घरात आधी भाताचं भांडं जातं, मग बाकी सामान, हे त्यालाही ठाऊक होतं. मित्रांचं सामान त्यानेच वाहिलं होतं. फक्त ही वेळ आपल्यावर येईल हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. भाताचा कुकर त्याने कधी घेतलाच नव्हता. गच्चीवरचा कुकर घरमालकाचा.

"आत्ता विकत आणतो, आजी."

"कोरं भांडं? कोऱ्या भांड्याला काय कळतं? ज्यात माणसं जेवलीत असं भांडं आण. नसेल तर राहू दे. माझा भाचा विचारत होताच."

"आला भाचा!" मावशी पुटपुटली.

उन्हं समोरच्या टेकडीवर सरकली होती. आणि इल्खोमला एकदम आठवलं. "आहे!" तो इतक्या जोरात म्हणाला की आजींनी जिन्याचा कठडा धरला. "माझं आहे, आजी! दर रविवारी वीस माणसं त्यात जेवतात!"

मावशीच्या छोट्या गाडीतून ते गच्चीवरच्या खोलीकडे सुटले. गाववाल्यांच्या रविवारच्या पुलावाची बिडाची काळी कढई इल्खोमने पोटाशी धरून खाली आणली आणि मागच्या सीटवर ठेवली. पाठोपाठ तांदूळ, गाजरं, कांदे, जिरं आणि रविवारसाठी ठेवलेलं मटण.

"माझी सीट!" मावशी किंचाळली.

"मी धुऊन देतो, मावशी."

"सीट मरू दे! तो लाल व्हायच्या आत सिग्नल ओलांडू दे!"

कढई दाराशी आली तशा ग्वाक आजी पुढे झाल्या. त्यांनी वाकून आतून बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं.

"हे भाताचं भांडं?"

"आमच्याकडे यातच शिजतो."

"घासतोस कशाने? साबणाने?"

इल्खोमला प्रश्नच अपमानास्पद वाटला. "साबण? आजी, बिडाला साबण कोण लावतं? गरम पाणी, मग तेलाचं बोट. नाहीतर गंज चढेल, भात लागेल."

"हं." आजींनी कडेवर टिचकी मारून आवाज ऐकला. "माझ्या सासूच्या चुलीवर असलंच होतं. एकदा मी साबण लावला तर तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. बरं झालं म्हणा, तेवढीच शांतता." त्या जिना चढू लागल्या. "खालच्या घरात गॅस जोडायला माणूस उद्या येईल. वर गच्चीवर माझी मोठी शेगडी आहे. शिजव. रिकामं भांडं मी आत नेऊ देणार नाही."

गच्चीवर सोयाबीन आंबवायच्या बरण्यांच्या रांगेत शेगडी पेटली. मटण तांबूस झालं, गाजरं पडली, जिऱ्याचा वास खालच्या मजल्यांवर उतरला. आजी दर थोड्या वेळाने येऊन "पाणी कमी आहे", "आता जास्त आहे" म्हणत. मावशी टेकडीवरच्या सूर्याला दटावत होती. "थांब जरा! कुठे पळतोस?"

झाकण उघडलं तेव्हा टेकडीवर केशरी कड तेवढी उरली होती. इल्खोमने फडकी गुंडाळून कढईचे कान धरले. मावशी पुढे दारं उघडत, आजी मागे ओरडत, "पायरी! पायरी बघ!" दुसऱ्या मजल्याच्या रिकाम्या घरात, उघड्या फरशीवर कढई टेकली. खिडकीत अजून उजेड होता.

आजींनी पळीने तळ खरवडला, करपट भाताचा एक तुकडा तोंडात टाकला आणि चावत राहिल्या.

"करार उद्या सकाळी दहाला," त्या म्हणाल्या. "दुकानात येते मी. गुरुवारी सामान कधीही आण, चांगल्या दिवशी शिरणं झालं आता. आणि नवीन माणूस आला की शेजाऱ्यांकडे घास जातो. हे सगळं एकटा खाणार आहेस की काय?"

"आणि तुमच्या भाच्याचं काय, आजी?" मावशीने विचारलं.

"कुठला भाचा?"

मावशी भिंतीला टेकून खो खो हसत सुटली. आजींनी वरून वाडगे आणले. ते भरून इल्खोम जिना उतरत होता, तेव्हा खिशात त्याचा फोन वाजू लागला. झमीराच होती, रोज याच वेळी करायची. मागून येणाऱ्या मावशीने फोन काढून त्याच्या कानाला लावला.

"मिळालं!" तो जिन्यातच ओरडला. "झमीरा, मिळालं! थांब, ठेवू नकोस. दोन्ही हातांत वाडगे आहेत, आणि खालच्या शेजाऱ्यांनी दार उघडलंय!"