अर्धा फळा

गुरुजींनी छडी फेकली ती माझ्या कानशिलावर बसली. हातात धरून मारली असती तर त्यांना विटाळ झाला असता. मग मी ती खाली ठेवून लांब व्हायचं, आणि त्यांनी पाणी शिंपडून उचलायची. मारसुद्धा लांबूनच.

साक्रीकडचं आमचं गाव. मी महारवाड्यातला, म्हणून माझी जागा दाराबाहेर, शाळेच्या ओट्यावर. तिथून फळा अर्धाच दिसायचा. गणित दिसे, उत्तर दाराआड. चुकलो की गुरुजी म्हणत, "यांच्या डोक्यात भुसाच." आतली पोरं फिदीफिदी हसत. मलाही ते खरंच वाटायला लागलं होतं.

एक दिवस शाळा सुटताना गुरुजी गोड बोलले. "उद्या आत बस हो."

घरी सांगितलं. माय चूल फुंकत होती. "गुरुजी गोड बोलतस, म्हंजे काहीतरी शे. ध्यान ठेवजो."

होतंच. शाळा तपासायला इन्स्पेक्टर साहेब येणार होते. सगळी पोरं एकत्र बसतात, हे त्यांना दाखवायचं होतं. मला मारवाडी शेठच्या पोराजवळ बसवलं. साहेबांनी फळ्यावर भागाकार घातला. तो माझ्याकडं सरकला. मी अंग चोरलं. वाटलं, हा आता बोंब मारणार. तर हळूच विचारतो, "सतरा आठे किती?"

पाढे ओट्यावर ऐकू यायचे, ते मला पाठ होते. "छत्तीसासे," म्हणालो, म्हणजे एकशे छत्तीस. भागाकार कसा मांडायचा, ते त्यानं पाटीवर दाखवलं. समोर अख्खा फळा. दोघांच्याही पाट्या बरोबर निघाल्या. साहेब खूश. डोक्यात भुसा नव्हता तर माझ्या. इतकी वर्षं मला फसवलं, याचा संताप आला.

साहेबांचा टांगा वळला आणि गुरुजी म्हणाले, "ऊठ. बाहेर हो."

शेठच्या पोरानं मान खाली घातली.

"बठ्ठा फळा आठेच दिखस," मी म्हणालो. सगळा फळा इथूनच तर दिसत होता. "मी उठत नही."

छडी आली. ती मी मांडीखाली दाबली आणि बसून राहिलो. मला ओढून काढायचं तर शिवावं लागणार. कोण शिवणार? शाळा सुटेपर्यंत कुणी जवळ आलं नाही. दुसऱ्या दिवशी माझं नाव कमी केलं.

पुढं मी धुळ्याला गिरणीत लागलो. आता जो तो सांगतो, शाळा सगळ्यांना खुल्या झाल्या. असतील. मी बघितल्याशिवाय मानत नाही.

परवा पोरीला शाळेत घालायला गेलो. बाई म्हणाल्या, "आमच्याकडे शिवाशिव नाही हो."

"हिची जागा कुठली?"

त्यांनी दाराजवळचा कोपरा दाखवला. मी चपला काढल्या, आत गेलो, त्या कोपऱ्यात मांडी घालून बसलो. फळ्याची एक बाजू दिसत नव्हती.

"पोरं खोळंबलीत," बाई म्हणाल्या. "उठा आता."

"आधी हिला मधे बसवा," मी म्हणालो. "तोवर मी उठत नाही."