ओयामाची गोळी आणि नोझिझ्वे मिस

दक्षिण आफ्रिकेतल्या मदान्त्सानेच्या आमच्या प्राथमिक शाळेत नोझिझ्वे मिसचा वर्ग माझ्या वर्गाला लागून होता. तिच्या बावन्न मुलांच्या गलबल्यात एक हाक दिवसभर ऐकू यायची, "ओयामा, खाली बस गं!"

ओयामा नऊ वर्षांची. वही काढ, तारीख लिही, पान बारा उघड, असं सांगितलं की वही तेवढी निघायची. पुढचं सगळं हवेत. आम्ही बाकीचे शिक्षक तिला ढ म्हणायचो. नोझिझ्वेला ते पटेना. एवढ्या भन्नाट गोष्टी रचणारी पोरगी ढ कशी? तिनंच पाठपुरावा करून ओयामाला दवाखान्यात पाठवलं. एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याची अडचण, आहे असं ठरलं. डॉक्टरांनी रोज सकाळी घ्यायची गोळी दिली.

ओयामाचे वडील टॅक्सी चालवायचे. ते तडक वर्गाच्या दारात आले.

"मिस, माझ्या पोरीला नशेची सवय लावताय?"

"आधी बसा, बाबा. डॉक्टरांना मीही हेच विचारलं. ठरल्या मात्रेत दिली तर सहसा सवय लागत नाही, म्हणाले. मी रोज डोळ्यांत तेल घालून बघते. काही वावगं दिसलं, तर तुमच्याच टॅक्सीत बसून दवाखान्यात येते. भाडं मात्र देणार नाही हं!"

ते हसले, पण शंकेनं मान हलवतच गेले. गोळी मात्र त्यांनी सुरू ठेवली.

गोळीनं फरक पडला. तीन सूचना ओयामाच्या डोक्यात टिकू लागल्या. प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर फेकणं थांबलं. वाचन मात्र गोळीनं आलं नाही, ते नोझिझ्वेनं शिकवलं. औषधाचा असर सकाळीच जास्त, हे हेरून तिनं वाचनाचा तास पहिला घेतला. गोळीनं दुपारी पोरीची भूक मरायची, म्हणून शाळा सुटल्यावर मका-घेवड्याचा उम्नकुशो पुढ्यात ठेवून ती समोर बसून राहायची.

काही महिन्यांनी गोळीची मात्रा वाढली आणि ओयामा पुतळ्यासारखी बसू लागली. मुख्याध्यापिका खूश.

"बघ, कशी शहाण्यासारखी बसते!"

"शांत तर फळाही असतो, मॅडम," नोझिझ्वे म्हणाली.

ओयामा गणितं बिनचूक करत होती. पण आता वेगळ्या रीतीनं कर, म्हटलं की पुन्हा तीच रीत गिरवायची. गोष्टी सांगणं तर बंदच पडलं होतं. नोझिझ्वेनं दोन आठवड्यांच्या नोंदी केल्या आणि खरोखरच वडिलांच्या टॅक्सीत बसून दवाखाना गाठला. डॉक्टरांनी कागद दोनदा वाचले आणि मात्रा कमी केली. आठवड्याभरात ओयामाच्या गोष्टींना वर्ग पुन्हा खिदळू लागला.

आता ती सातवीत आहे. शाळेचा स्वेटर अजूनही हरवते, पण टॅक्सीतळावर वडिलांना वर्तमानपत्र वाचून दाखवते. कुणी वाखाणलं तर नोझिझ्वे म्हणते, "मी नुसती बघत होते."

माझ्याही वर्गात तशी दोन मुलं होती. मी त्यांना मागच्या बाकावर टाकलं होतं. ओयामाच्या गोष्टी पुन्हा सुरू झाल्या, त्याच वर्षी मी त्यांना पुढे आणून बसवलं.