बापूंचं पिनबॉलचं टेबल

पोस्टातल्या तीस वर्षांच्या नोकरीत मला जेवढे किस्से मिळाले नाहीत, तेवढे बापूंच्या ओटीवर चार महिन्यांत मिळाले. पोस्टात माणूस येतो, तिकीट चिकटवतो, जातो. पण एखादं यंत्र उघडून चौघं भोवती बसले, की प्रत्येकाचा स्वभावही उघडा पडतो. त्या चौघांतला आता मी एकटाच उरलोय, म्हणून सांगून टाकतो.

साठ सालानंतरची गोष्ट. बापू पनवेलचे घड्याळजी. तरुणपणी ते मुंबईला फोर्टातल्या एका दुकानात कामाला होते. तिथे गोऱ्या खलाशांच्या क्लबातल्या पिनबॉलच्या टेबलाची आतली यंत्रणा दुरुस्तीला यायची. दांडा ओढून सोडला की पोलादी गोळी वर जायची आणि खिळ्यांवर आपटत, घंटा वाजवत खाली यायची. बापूंनी ती यंत्रणा बारा वर्षं दुरुस्त केली. परत पोचवायला गेले, की दाराबाहेर उभं राहून घंटा ऐकायची. आत जायची परवानगी नव्हती. पुढे क्लब बंद पडला आणि बापूंनी ते टेबल लिलावात उचललं. तोवर त्यांचे हात कापायला लागले होते, घड्याळं सुटली होती.

"एक गोळी खेळायचीय रे," ते मला म्हणाले. "मग न्या भंगारात."

भंगाराची तारीख बापूंच्या बायकोने, इंदूकाकूंनी लगेच ठरवली. "ओटीवर गणपती बसतो. तोवर हे वाजलं तर माजघरात ठेवीन. नाहीतर भंगारवाल्याला बोलावीन."

*

टेबलाच्या मागे एक उभी काच होती. तिच्यावर पोहायच्या कपड्यातली गोरी बाई. काकूंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "ही बाई अशी माझ्या ओटीवर राहणार नाही."

बाजारातल्या दुकानांच्या पाट्या रंगवणारा पेंटर बोलावला. त्याने काचेवरच बाईला हिरवी नववारी नेसवली, नथ घातली, वर आपल्या मनाने ठसठशीत कुंकू लावलं. काकू इतक्या खूश झाल्या, की पेंटरला जेवायला थांबवलं.

*

वीज जोडायचं काम युसूफभाईंचं. त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. बापू म्हणाले, "जपून हं, अमेरिकन माल आहे. त्याला आपल्यापेक्षा निम्मी वीज लागते."

"बापूसाहेब, बेफिकीर राहा. विजेची आणि माझी वीस वर्षांची ओळख आहे."

बटण दाबलं. टेबलातून धूर निघाला आणि अख्खी आळी अंधारात गेली! शेजारचे लोक दारात येऊन काय काय बोलत होते. अंधारातून युसूफभाईंचा शांत आवाज आला, "ओळख अजून थोडी वाढवायला पाहिजे."

आठवड्याने ते ट्रान्सफॉर्मर घेऊन आले. या वेळी आळीतले दिवे शाबूत राहिले आणि टेबलही उजळलं. पण बल्ब होते काचेच्या मागे. ते लागले मात्र, पातळ रंगाची नववारी दिसेनाशी झाली. गोरी बाई पुन्हा होती तशी, फक्त नथ आणि कुंकू शिल्लक. आम्ही माना खाली घातल्या. काकूंनी बराच वेळ निरखून पाहिलं.

"कुंकू तरी टिकलं," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

*

टेबलाचे पाय लिलावातच हरवले होते. बापूंनी सुताराकडून नवे चार पाय करवले, सगळे एका उंचीचे. वर पाण्याने भरलेली वाटी ठेवून तासभर पाचरी मारल्या. घड्याळजीच तो, केसाचा फरक खपायचा नाही.

मग गोळी सोडली. ती दिमाखात वर गेली, मधोमध आली आणि थांबली. आम्ही स्प्रिंग बदलली, खिळे घासले, गोळीला तेल लावलं. दोन आठवडे गोळी मधोमधच बसायची.

तेवढ्यात रामा पाटील आला. गव्हाणचा. त्याची मिठागरं होती, बापूंकडे पूर्वी घड्याळ दाखवायला यायचा, आता नुसताच येऊन संध्याकाळपर्यंत बसायचा. त्याने वाकून टेबलाकडे पाहिलं.

"बापू, आगरात पानी एका कप्प्यातून दुसऱ्यात न्यायचं तर आमी उतार ठेवताव. तुमी तं सगला सपाट केलाव. गोली जाईल कुटं?"

बारा वर्षं दुरुस्त केलेलं टेबल खेळताना कसं उभं असतं, हे बापूंनी कधी पाहिलंच नव्हतं. मला तेव्हा फार वाईट वाटलं. पुढचे दोन पाय कापले आणि गोळी धावायला लागली.

*

गणपतीला तीन दिवस उरले आणि खरी अडचण पुढे आली. टेबलाच्या पोटात एक पितळी लंबक होता. कोणी टेबल हलवून लबाडी केली, की तो भोवतालच्या कडीला टेकायचा आणि दिवे जाऊन खेळ बंद. आम्ही तिघं मजेत खेळलो. बापूंनी दांडा धरला, की त्यांच्या कापऱ्या हातांनी टेबल हलायचं. दिवे गेले. पुन्हा गेले. दिवसभर जात राहिले.

"लंबक काढतो की," युसूफभाई म्हणाले. "दोन मिनिटांचं काम."

"नाही. गोरे लंबकासकट खेळायचे," बापू म्हणाले. काकू दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या.

गणपतीच्या आदल्या सकाळी बापू आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून आले. दांडा धरला तशी काच थरथरायला लागली. मी दिव्यांकडे बघत होतो. गोळी सुटली. दिवे गेले नाहीत. घंटा वाजली, परत वाजली, वाजतच राहिली. बापूंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि माझ्याही.

"लंबक बी आता तुमाला वलखाय लागला, बापू," रामा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आरतीनंतर काकू कपाटातून चांदीची ताटली काढत होत्या. त्यांच्या कमरेच्या किल्ल्यांच्या जुडग्यात सुपारीएवढं एक पितळी वजन लोंबत होतं. मी विचारलं, "काकू, हे कधी लावलंत?"

"जुडगा हलका असला की हरवतो," काकू म्हणाल्या.

बापूंनी जुडग्याकडे पाहिलं. मग काकूंकडे पाहिलं.

"याला एक मोदक जास्त वाढ," ते म्हणाले. "फार बोलतो."