शेरीफला कोणी धरायचं

बर्ल किन्सर मेलेल्यांसाठी पेट्या करायचा. आमच्या परगण्यातल्या टेकड्यांवर काळ्या अक्रोडाची झाडं होती आणि टेकड्यांच्या पोटात कोळसा होता. म्हणजे लाकूडही आमचंच आणि मरणही आमचंच. श्रीमंताला अक्रोड, खाणकामगाराला साधी पांढरी फळी. रंधा मात्र दोघांसाठी सारखाच फिरायचा. बर्लनं घासलेल्या फळीवरून बाया रडता रडता हात फिरवायच्या आणि त्यांचं रडणं जरा हळू व्हायचं. ओढ्याच्या अलीकडे माझं घर आणि पलीकडे त्याचं दुकान, त्यामुळे हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

लोकांनी त्याला परगण्याचा कॉरोनर म्हणून निवडून दिलं, ते याच कामामुळे. कोणी बुडून, चिरडून, गोळी लागून मेलं की कॉरोनरनं जायचं, प्रेत बघायचं आणि मरण कशानं आलं ते लिहून द्यायचं. बर्लकडे गाडी होती आणि मन घट्ट होतं. त्याच्याविरुद्ध कोणी उभंच राहिलं नाही. बायबलावर हात ठेवून त्यानं देशाची आणि राज्याची घटना सांभाळायची शपथ घेतली आणि घरी येऊन अर्धवट राहिलेल्या पेटीला सरस लावला. शपथेतले शब्द त्यानं लग्नात पाद्र्याचे ऐकतात तसे ऐकले होते. मान डोलावली आणि झालं.

त्याची धाकटी बहीण डल्सी. ती दिली होती एनिस रॅडरला, आणि एनिस आमचा शेरीफ, म्हणजे परगण्याच्या पोलिसांचा मुख्य, तोही निवडून आलेला. आमचा तुरुंग कोर्टासमोरच्या चौकात, पिवळ्या दगडाचा. पुढचा भाग शेरीफचं राहतं घर, मागचा भाग कोठड्या. कैद्यांचा स्वयंपाक शेरीफच्या बायकोनं करायचा, स्वतःच्याच चुलीवर. एनिस शेरीफ असेतो ते घर डल्सीचं. दुसरं घर त्यांना नव्हतं.

मंदीचा तो हिवाळा. खाणीत संप झाला आणि संपकऱ्यांच्या पोरांसाठी कोय हॅसलर नावाच्या माणसानं चर्चच्या मागे एक मोठी कढई चढवली. घेवडा, पाणी, असेल तर डुकराचं हाड. खाणीच्या कंपनीला बंदुकीपेक्षा त्या कढईची भीती जास्त, कारण पोट भरलेला माणूस संप लांबवतो. एका सकाळी एनिसनं कोयला उचललं. गुन्हा कोणता ते कोणी लिहिलं नाही.

कोयची बायको जज्ज व्हॉरिसकडे गेली. म्हाताऱ्या जज्जनं हुकूम काढला की कैद्याला माझ्यासमोर आणा आणि त्याला कशासाठी धरलं ते सांगा. एनिसनं हुकूम घडी करून खिशात घातला. दुसरा हुकूम आला, तोही खिशात गेला. मग बोलवा उठली की शनिवारी कोयला पलीकडच्या परगण्याच्या तुरुंगात हलवणार. आदल्या वर्षी संपातल्या आणखी एका माणसाला असंच हलवलं होतं. तो त्या तुरुंगात कधी पोचला नाही. वसंतात नदीनं त्याला काठावर आणून टाकलं.

गुरुवारी जज्जनी बर्लला बोलावलं. म्हणाले, शेरीफनं दोनदा हुकूम मोडला, आता त्याला अटक करायला हवी. बर्ल म्हणाला, खरं आहे.

"करणार कोण?" जज्जनी विचारलं.

बर्लला वाटलं, म्हातारा स्वतःशीच बोलतोय. तो टोपी फिरवत उभा राहिला.

"बर्ल, मी सही करतो. पण सही काही चालत जाऊन कोणाला धरत नाही. धरायचं काम शेरीफचं. आणि खुद्द शेरीफलाच धरायची वेळ आली तर कायद्यानं एकच माणूस ठेवलाय. कॉरोनर."

बर्लला हसू आलं. "जज्जसाहेब, मी मेलेल्यांचा माणूस आहे."

"माहीत आहे. नदीत सापडला त्याचं तू लिहिलंस, बुडून मेला. मनगटांवर दोरीचे वळ होते. मला ते दुसऱ्यानं सांगितलं, तरी मी तुझं लिहिलेलं मान्य केलं. आपण दोघंही गप्प बसलो."

बर्लचं हसू जागच्या जागी थिजलं. जज्जनी सही केलेला अटकेचा कागद घेऊन तो बाहेर पडला.

आमच्या वाडवडिलांनी राजा सोसला होता. म्हणून त्यांनी ठरवलं की सत्तेची अख्खी भाकरी पुन्हा एका हातात द्यायची नाही. कायदा करणारा वेगळा, तो चालवणारा वेगळा, न्याय देणारा वेगळा. आणि जो तो दुसऱ्याच्या हाताकडे बघत राहील. वर राजधानीत तसं, आणि खाली आमच्या चिखलाच्या चौकातही तसंच. बोलायला ही गोष्ट फार सुंदर आहे. चार जुलैला, स्वातंत्र्याच्या दिवशी, झेंड्याखाली उभं राहून आम्ही ती सगळेच बोलतो. पण मोडलेल्या भाकरीचा एखादा तुकडा कोणा गरिबाच्या घशाखाली उतरत नाही, तेव्हा त्याचं काय होतं ते बर्लनं त्या शुक्रवारी पाहिलं.

सकाळी तो सरकारी वकिलाकडे गेला. वकील म्हणाला, खटला भरणं माझं काम. तू धरून आण, मी भरतो. तिथून तो परगण्याच्या पंचांकडे गेला. ते म्हणाले, रस्ते आमचे, पूल आमचे, तुरुंगाचं गळकं छप्परही आमचं. आतला माणूस आमचा नाही. मग औषधाच्या दुकानातल्या टेलिफोनवरून त्यानं राजधानीला गव्हर्नरची कचेरी गाठली. तिकडच्या माणसानं समजावलं की शेरीफला तुमच्या लोकांनी निवडलंय, गव्हर्नरला त्याला काढता येत नाही. शिपाई पाठवायचे तर दंगल हवी. दंगल चालू आहे का? बर्लनं काचेतून चौकात बघितलं. एक कुत्रं झोपलं होतं. तो म्हणाला, नाही.

शेवटी त्यानं राजीनामा लिहिला आणि कोर्टाच्या कारकुनीणबाईंसमोर ठेवला. बाईंनी तो वाचला आणि ठेवून घेतला. म्हणाल्या, "घेते की. पण तुझ्या जागी दुसरा शपथ घेईपर्यंत कॉरोनर तूच. आणि येणार कोण, बर्ल? तुझ्या वेळीच कोणी आलं नव्हतं."

दुकानात परतला तर खाणीचा मुकादम फळ्यांवरून बोट फिरवत उभा होता. कंपनी आता पेट्या शहरातून मागवायचं म्हणतेय, एवढंच बोलून तो गेला. बर्ल लाकडाच्या भुशात बसला. नंतर उठला, वडिलांच्या मयतीला घातलेला कोट चढवला आणि पूल ओलांडून गावाकडे निघाला. इतका सावकाश चालणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

तुरुंगात तो मागच्या दारानं, स्वयंपाकघरातून शिरला. डल्सी मक्याच्या पिठाची पातळ लापशी ढवळत होती. ती कोणासाठी, असं त्यानं विचारलं. ती म्हणाली, हॅसलरसाठी; त्याला चावता येत नाही. जबडा कशानं गेला ते तिनं सांगितलं नाही आणि बर्लनं विचारलं नाही. त्यानं तिच्यापुढे हात जोडले. म्हणाला, नवऱ्याला समजाव. चौक ओलांडून त्या माणसाला जज्जपुढे उभं करू दे, म्हणजे मला काहीच करावं लागणार नाही.

"सांगून थकले, दादा. तो म्हणतो, कंपनीनं मला शेरीफ केलं."

"लोकांनी केलं."

"ते तूच सांग त्याला."

एनिस आत आला तो हसतच. मागे त्याचा म्हातारा हवालदार ओटो. "काय मेहुणे, आज कोणाचं माप घ्यायला आलात?"

बर्लनं कागद काढून वाचला. वाचताना दोनदा अडखळला. कागद वाचून झाला तरी एनिस हसत होता, पण आता नुसते ओठ. त्यानं ओटोला सांगितलं, याला बाहेर काढ. ओटोनं कागदावरचा कोर्टाचा शिक्का पाहिला, मग जमिनीकडे पाहिलं. छातीवरचा बिल्ला काढून त्यानं टेबलावर ठेवला. मला यात धरू नका, एवढं म्हणून तो निघून गेला. कोणाच्याच बाजूनं तो उभा राहिला नाही.

एनिसचा हात पिस्तुलावर गेला. "आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर तू मला ढकलशील आणि मी परत येईन."

"तुझे हात बघ कसे थरथरतायत."

"थरथरतायत. सकाळपासून दुसरे हात शोधतोय, एनिस. परगण्यात नाहीत."

चुलीवर लापशी करपायला लागली. कोठड्यांच्या किल्ल्या डल्सीच्या कमरेला असायच्या, कारण ताटं तीच न्यायची. तिनं जुडगा सोडला आणि मुठीत धरून ठेवला.

"हे दिलं की माझं घर गेलं," ती भावाला म्हणाली. "ही चूल, वरची खोली, सगळं. हा कंपनीच्या मनातून उतरेल आणि मी याच्या. एवढं कळतंय ना तुला?"

"कळतंय."

"आणि नाही दिलं तर उद्या त्याला नदीवर नेतील."

या वाक्यावर एनिसनं बायकोकडे पाहिलं. हे तिला ठाऊक नाही, असं तो धरून चालला होता. डल्सीनं जुडगा बर्लच्या हातात दिला.

"घे. यापुढे मला बहीण म्हणू नकोस."

एनिसनं पिस्तूल टेबलावर ठेवलं, ओटोच्या बिल्ल्याशेजारी, आणि स्वतःच मागच्या भागात चालत गेला. त्याला बर्लनं धरलं नाही, बायकोच्या नजरेनं धरलं, असं आमच्याकडे अजून म्हणतात. म्हणोत. कुलपात किल्ली फिरवली ती बर्लनं.

कोय हॅसलर बर्लच्या खांद्यावर भार टाकून चौक ओलांडून गेला. दुकानांच्या दारांत माणसं उभी होती. जज्जनी विचारलं, या माणसाला कोणत्या गुन्ह्यासाठी धरलंय? सरकारी वकील छताकडे बघत राहिला. जज्जनी थोडं थांबून पुन्हा विचारलं आणि मग कोयला सोडून दिलं. त्याला बोलता येत नव्हतं. बायकोनं त्याला तसाच स्टेशनावर नेला. खाणीनं दिलेल्या घरात ती दोघं परतली नाहीत आणि आमच्या परगण्यात पुन्हा दिसली नाहीत. ती जिवंत गेली, एवढं मला पुरतं. बर्लला पुरलं की नाही, कोण जाणे.

जज्जनी त्याला तिथंच सांगितलं की मी म्हणेपर्यंत शेरीफ कोठडीत राहील. आणि शेरीफ कोठडीत असेतो तुरुंगाचा राखणदार कॉरोनर. बर्ल परत आला तेव्हा दिवस कलला होता. डल्सीची कपड्यांची ट्रंक दुधाच्या गाडीवर चढली होती. सासूच्या शेतावर जायचं तिनं ठरवलं होतं. दुधवाला घोड्याला चुचकारत होता आणि ती पुढे, त्याच्या शेजारी, पाठ ताठ करून बसली होती.

बर्ल पुढच्या खिडकीशी उभा राहिला. मागून एनिसनं विचारलं, "गेली का?"

"निघालीय."

"मग धाव की तिच्या मागे. मी कुठं पळतोय? तूच तर कुलूप लावलंस."

बर्ल दारापर्यंत गेला. गाडी कोर्टाला वळसा घालून बँकेसमोरून जात होती. पळाला असता तर पुलाच्या आत त्यानं ती गाठली असती. काय बोलला असता, त्याचं त्याला ठाऊक. मी तेव्हा चौकातच होतो. त्याचा एक पाय पायरीवर होता आणि एक उंबऱ्याच्या आत, आणि त्याच्या तोंडाकडे माझ्यानं बघवेना. आत एक कैदी होता आणि राखायला दुसरं कोणी नव्हतं.

गाडी पुलाच्या उतरणीला लागली. बर्लनं पायरीवरचा पाय आत घेतला, दार ओढून घेतलं, आणि आतून अडसर पडल्याचा आवाज मला चौकात ऐकू आला.